मोटारीवरचे विनोद हसण्यावारी नेऊ नयेत

मे २०१४ मध्ये जनरल मोटर्स कंपनीने अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाशी समझोता केला आणि साडेतीन कोटी डॉलरचा दंड मान्य केला. त्या समझोत्याच्या कागदपत्रांतून एक विलक्षण यादी लोकांसमोर आली. कंपनीने २००८ साली आपल्या अभियंत्यांना दिलेल्या प्रशिक्षणातली ती यादी होती, आणि गाडीतल्या दोषांविषयी लिहिताना कोणते शब्द टाळावेत हे तिच्यात सांगितले होते. ‘मृत्यूचा सापळा’, ‘चालती शवपेटी’, ‘टायटॅनिक’, ‘हिंडेनबर्ग’ (आगीत जळून खाक झालेले जर्मन हवाई जहाज), ‘विधवा करणारी’ असे साठाहून अधिक शब्दप्रयोग तिच्यात होते. ‘दोष’ म्हणण्याऐवजी ‘आराखड्याबरहुकूम काम करत नाही’ असे म्हणावे, ‘समस्या’ म्हणण्याऐवजी ‘बाब’ किंवा ‘स्थिती’ म्हणावे, अशा सूचना होत्या. यादीत ‘कॉर्व्हेअरसारखी’ हाही शब्द होता. कॉर्व्हेअर ही याच कंपनीची साठच्या दशकातली गाडी. ग्राहकांच्या बाजूने लढणारे वकील राल्फ नेडर यांनी १९६५ साली तिच्यावर टीका केली तेव्हा कंपनीने त्यांच्यामागे खासगी गुप्तहेर लावले होते, आणि पुढच्या वर्षी सिनेटच्या समितीपुढे त्याबद्दल माफी मागितली होती. म्हणजे स्वतःच्याच इतिहासाचे नाव घ्यायलाही बंदी.

यादी वाचताना हसू येते, पण ती ज्याने तयार केली त्याला अभियंत्यांच्या जिभेची चांगली ओळख असावी, असे मानायला जागा आहे. तोंडी येणारच नाहीत अशा शब्दांवर बंदी घालण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

त्या समझोत्यामागचे प्रकरण इग्निशन स्विचचे होते. शेवरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा गाड्यांत चावीचा खटका इतका सैल होता की किल्ल्यांचा जुडगा जड असला किंवा चालकाच्या गुडघ्याचा धक्का लागला, तरी चावी मागे सरके. धावत्या गाडीचे इंजिन बंद पडे, स्टिअरिंग आणि ब्रेक जड होत, आणि त्यातून अपघात झालाच तर एअरबॅग उघडत नसत. फेब्रुवारी २०१४ पासून सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावण्यात आल्या, आणि नुकसानभरपाईच्या योजनेने १२४ मृत्यूंचा संबंध या दोषाशी असल्याचे मान्य केले. आता आधीच्या तारखा पाहाव्यात. या स्विचची जबाबदारी असलेल्या अभियंत्याने २००२ सालीच एका ई-मेलखाली सही करताना स्वतःच्या नावाच्या मधोमध ‘या नरकातल्या स्विचला कंटाळलेला’ असे लिहिले होते. त्याचा वैताग स्विच बनवतानाच्या अडचणींबद्दलचा होता, पुढच्या मृत्यूंची चाहूल त्यात नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. २००५ मध्ये कोबाल्ट नवी असताना मोटारींवर लिहिणाऱ्या वृत्तपत्री स्तंभलेखकांनी गुडघ्याच्या धक्क्याने गाडी बंद पडते हे छापले, आणि ‘इंजिन बंद पडले तरी गाडी ताब्यात राहते’ या कंपनीच्या खुलाशाची टरही उडवली. त्याच वर्षी कंपनीने विक्रेत्यांना कळवले की ग्राहकांना जुडग्यातल्या जड वस्तू काढून टाकायला सांगावे. गाडीचा खटका सैल, म्हणून ग्राहकाने खिसा हलका करावा, हा सल्ला कोणा विनोदी लेखकाला सुचला असता तर तो अतिशयोक्त म्हणून खोडला गेला असता.

टर उडवली गेल्यापासून गाड्या परत बोलावण्यापर्यंत नऊ वर्षे गेली. त्या काळात कंपनीत काय चालले होते, याचे वर्णन जून २०१४ च्या चौकशी अहवालात आहे, आणि तिथेही कर्मचाऱ्यांच्या विनोदाचाच आधार घ्यावा लागला. हाताची घडी घालून दोन्ही बोटे शेजारच्यांकडे रोखायची, म्हणजे जबाबदारी दुसऱ्याची, याला तिथले लोक ‘जीएम सलाम’ म्हणत. बैठकीत सर्वांनी माना डोलवायच्या आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करायचे नाही, ही ‘जीएम मान’. कंपनीच्या कोणत्याही अधिकृत टिपणात तिच्या कारभाराचे इतके नेमके वर्णन सापडले नसते.

यावरून माझे म्हणणे असे आहे. मोटारींविषयी लोक येता-जाता जी मते देतात, ज्या कोट्या करतात आणि जी कुचेष्टा करतात, ती वाहनउद्योगाविषयीची मोठी आणि फुकट उपलब्ध असलेली साक्ष आहे, आणि ती साक्ष म्हणूनच नोंदवली जावी. उद्योग तिच्याकडे बदनामी म्हणून पाहतो आणि नियामक यंत्रणा तिच्याकडे पाहतच नाहीत. दोघांच्याही या वागण्याची किंमत गाडी चालवणाऱ्याला, आणि कधीकधी त्या गाडीच्या समोर आलेल्याला, मोजावी लागते.

अर्थात प्रत्येक विनोदाला साक्षीचा दर्जा देता येणार नाही. मागच्या काचेला उष्णता देणारी तार कशासाठी, तर गाडी ढकलताना हात गरम राहावेत म्हणून, हा विनोद तेव्हाच्या साम्यवादी देशांतल्या स्वस्त गाड्यांवर, म्हणजे स्कोडावर सांगितला गेला, लाडावर सांगितला गेला आणि युगोवरही सांगितला गेला. पेट्रोलची टाकी भरली की गाडीची किंमत दुप्पट होते, हाही तसाच गावोगाव फिरलेला. नाव बदलून जो विनोद दुसऱ्या गाडीवर जसाच्या तसा चालतो, तो गाडीविषयी काहीच सांगत नाही; तो देशाविषयीचा, गरिबीविषयीचा किंवा शेजाऱ्याविषयीचा पूर्वग्रह असतो. स्कोडा कंपनीत १९९१ मध्ये फोक्सवॅगनने पाऊल ठेवले, गाड्या पार बदलल्या, आणि तरीही ब्रिटनमध्ये जुने विनोद इतके टिकून राहिले की कंपनीला २००० साली ‘खरेच, ही स्कोडाच आहे’ या धर्तीची जाहिरात करून स्वतःचीच थट्टा करावी लागली. बायकांच्या गाडी चालवण्यावरचे विनोद याच जातीचे. ते कोणत्याही गाडीवर बसतात, म्हणून कोणत्याच गाडीविषयी बोलत नाहीत, आणि सांगणाऱ्याविषयी मात्र बरेच बोलतात.

याउलट जो विनोद एकाच गाडीवर, एकाच कळीवर, एकाच झाकणावर बसतो आणि तिथून हलवला की मरतो, त्याच्याकडे अभियंत्याने वही घेऊन जावे. फोर्ड कंपनीच्या एडसेलला लोक तिच्या पुढच्या उभ्या जाळीमुळे हसले, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि ती हसण्याची बाब चवीची होती. दुसरी बाब चवीची नव्हती. १९५८ च्या एडसेलमध्ये गिअर बदलण्याची बटणे स्टिअरिंगच्या मधोमध बसवली होती, म्हणजे बाकीच्या गाड्यांत जिथे हॉर्न असतो तिथे. वर्षानुवर्षांच्या सवयीने हात जिथे जातो तिथे दुसरीच वस्तू ठेवली, तर घाईच्या क्षणी काय होईल हे सांगायला संशोधनाची गरज नव्हती. पुढच्या वर्षीच्या एडसेलमधून ती बटणे गेली, आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये एडसेलही गेली. पण कल्पना काही गेली नाही.

आजच्या गाड्यांतल्या स्क्रीनवर होणारे विनोद त्याच बटणांचे वंशज आहेत. समोरचा छोटा कप्पा उघडण्यासाठी आधी मेन्यू उघडावा लागतो, हे टेस्लाच्या काही गाड्यांबाबत अक्षरशः खरे आहे. जर्मनीत २०१९ साली एका टेस्लाचालकाने पावसात वायपरचा वेग बदलण्यासाठी स्क्रीनकडे पाहिले आणि गाडी रस्त्याबाहेर गेली. कार्ल्सरूहच्या न्यायालयाने २०२० मध्ये त्याला २०० युरोचा दंड आणि महिनाभर गाडी चालवण्यास मनाई कायम केली, कारण कायद्याच्या दृष्टीने तो चालवताना एक इलेक्ट्रॉनिक उपकरण हाताळत होता. गाडीचे वायपर वापरणे हा गाडी चालवण्याचा भाग नसून त्यात अडथळा आहे, अशा निष्कर्षापर्यंत यंत्राची रचना माणसाला आणू शकते. दंड चालकाला झाला. वायपर तिथे कोणी ठेवला, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ या मासिकाने २०२२ मध्ये हाच प्रश्न घड्याळ लावून विचारला. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना चालकाने चार साधी कामे करायची. त्यात आसनाची उष्णता वाढवणे, रेडिओचे केंद्र बदलणे अशी कामे होती. २००५ सालच्या, भरपूर बटणे असलेल्या व्होल्व्होत ती १० सेकंदांत झाली, आणि तेवढ्यात गाडी ३०६ मीटर पुढे गेली. स्क्रीनवर सगळे सोपवलेल्या एका नव्या गाडीत त्याच कामांना जवळजवळ ४५ सेकंद लागले आणि गाडी १,३७२ मीटर धावली. चालकांना गाड्यांची सवय करून घ्यायला आधी वेळ दिला होता, हे लक्षात घेतले म्हणजे ‘सवय होईल’ हा नेहमीचा बचावही उरत नाही.

मग बटणे गेली कशामुळे? ग्राहकांनी मागणी केली म्हणून, असे उत्तर मिळते. मला ते पटत नाही. प्रत्येक बटणाला स्वतंत्र साचा लागतो, वायरिंग लागते, पुरवठादार लागतो, हजारो वेळा दाबून चाचणी करावी लागते, आणि ते कुठे बसणार हे गाडी बाजारात येण्याच्या कितीतरी आधी ठरवावे लागते. मे २०१८ पासून अमेरिकेत नव्या गाड्यांना मागचे दृश्य दाखवणारा कॅमेरा सक्तीचा झाला, म्हणजे पडदा तर बसवावाच लागणार होता. एकदा तो बसल्यावर बाकीची कामे त्याच्यावर ढकलणे स्वस्त पडते, आणि चुकलेला मेन्यू नंतर सॉफ्टवेअरने दुरुस्तही करता येतो. ही काटकसर आहे आणि काटकसर करण्यात पाप नाही. तिला आधुनिकतेचे वस्त्र नेसवून ग्राहकाच्या माथी मारणे, आणि तो हसला की त्याला मागासलेला ठरवणे, हे मात्र खटकते. बीएमडब्ल्यूने नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या विजेवरच्या गाडीच्या प्रचंड जाळीची चेष्टा करणाऱ्यांना समाजमाध्यमावर ‘ओके, बूमर’ असे सुनावले, आणि नंतर त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. ग्राहकाला म्हातारा म्हणून गाडी विकण्याचा हा प्रयोग विक्रीशास्त्रात कितपत मोडतो, ते जाणकारांनी ठरवावे.

आता वारे फिरले आहे. युरोपात गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने २०२६ पासूनच्या मूल्यांकनात दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन हाक यांसाठी हाताला लागणारी स्वतंत्र साधने असण्यावर गुण ठेवले आहेत. फोक्सवॅगनच्या रचनाप्रमुखांनी २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितले की नेहमीच्या कामांची बटणे परत येतील आणि ही चूक पुन्हा होणार नाही. त्याच कंपनीच्या काही गाड्यांत आवाज आणि तापमान कमीजास्त करण्याच्या पट्ट्यांना रात्री उजेडच नव्हता, आणि चालक अंधारात डॅशबोर्ड चाचपत. यावर इतके हसले गेले की शेवटी उजेड आला. या सगळ्या काळात हसणाऱ्यांनी कंपनीला नेमके तेच सांगितले होते जे तिने पुढे मान्य केले. ऐकले असते तर एक पिढीभर गाड्या वाचल्या असत्या.

उद्योगातल्या लोकांचा यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात की थट्टा कारणे ओळखत नाही. १९८६ च्या अखेरीस अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ऑडी ५००० ही गाडी आपोआप सुसाट सुटते असे दाखवले, गाडी देशभर चेष्टेचा विषय झाली, आणि तिथली ऑडीची वार्षिक विक्री १९८५ च्या सुमारे ७४ हजारांवरून १९९१ पर्यंत सुमारे १२ हजारांवर घसरली. सरकारी तपासाने १९८९ मध्ये निष्कर्ष काढला की बहुतेक प्रसंगी चालकांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला होता. गाडी निर्दोष आणि कंपनी जवळजवळ बुडालेली, असा हा दाखला नेहमी दिला जातो. पण त्याच तपासात पेडलांची मांडणी चूक व्हायला हातभार लावणारी असू शकते, हेही म्हटले होते. आणि ब्रेक दाबल्याशिवाय गिअर ‘पार्क’मधून निघू नये ही व्यवस्था त्या गदारोळातच ऑडीने बसवली, जी पुढे स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत सर्रास आली. लोकांनी कारण चुकीचे सांगितले. जागा मात्र बरोबर दाखवली, पायांजवळची. रुग्णानेही पोट दुखते एवढेच सांगायचे असते, निदान त्याने करायचे नसते.

दुसरा आक्षेप असा की आजच्या गाड्या पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आणि टिकाऊ आहेत, मग हसता कशाला? पहिला भाग निःसंशय खरा आहे, आणि तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे. थंडीत चालू न होणाऱ्या गाडीवर, चोक ओढण्यावर, घाटात उकळणाऱ्या रेडिएटरवर, दोन पावसाळ्यांत गंजून गळून पडणाऱ्या दारावर एके काळी वाटेल तितके विनोद होते. आज ते तरुण माणसाला समजावून सांगावे लागतात. दोष मेले तसे ते विनोदही मेले. त्यांच्या जागी आता सॉफ्टवेअर अद्ययावत होईपर्यंत थांबलेल्या गाडीवरचे, सतत टिकटिकणाऱ्या इशाऱ्यांवरचे आणि मासिक वर्गणीवरचे विनोद आले आहेत. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत आसनाची उष्णता महिन्याच्या वर्गणीवर देऊ केली होती. तार आसनात आधीच शिवलेली, तिचे वजन वाहणारा ग्राहक, तिच्यासाठी पेट्रोल जाळणारा ग्राहक, आणि ती तापवायची तर पुन्हा भाडे. यावर जगभर इतके हसले गेले की कंपनीने २०२३ मध्ये तो बेत सोडला. नेमका रोग ओळखणारा विनोद किती कामाचा असतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

काही बाबतीत मात्र हसणाऱ्यांची दृष्टी तोकडी पडते. विजेच्या गाड्यांनी कमी वेगात कृत्रिम आवाज करावा, हा युरोपात जुलै २०२१ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू असलेला नियम आहे, आणि तो पादचाऱ्यांसाठी, विशेषतः दृष्टिहीनांसाठी, आवश्यक आहे. त्यावर अंतराळयानाच्या कोट्या होतात आणि त्या निरर्थक आहेत. पण २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ सारख्या गाडीत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून चालकाच्याच कानात सोडला जातो, तिथे हसणे अगदी रास्त आहे. तीच गोष्ट खोट्या सायलेन्सरची. अशा गाडीच्या मागे उकिडवे बसून पाहावे: बंपरच्या खालच्या कडेला दोन्ही बाजूंना रुंद, चकचकीत चौकटी असतात, आणि त्यात बोट घातले तर दुसऱ्या पेरापाशी काळे प्लॅस्टिक लागते. खरी नळी आत कुठेतरी, जमिनीकडे तोंड करून, काजळी सोडत असते. यात कोणाला इजा होत नाही, म्हणून मी यावर जास्त वेळ घालवणार नाही. फक्त ज्या हाताने ही चौकट आखली त्याच हाताला बटणांसाठी खर्च परवडत नव्हता, एवढे ध्यानात ठेवावे.

उद्योगालाही विनोदबुद्धी आहे, आणि ती बहुतेक वेळा कायद्यावर खर्च होते. अमेरिकेने १९६४ पासून आयात केलेल्या हलक्या ट्रकवर २५ टक्के जकात लावली; प्रवासी गाड्यांवर ती बरीच कमी होती. सुबारूने १९७८ मध्ये आपल्या ब्रॅट या छोट्या ट्रकच्या उघड्या मागच्या भागात दोन प्लॅस्टिकच्या, मागे तोंड केलेल्या खुर्च्या ठोकल्या आणि ट्रकची प्रवासी गाडी करून टाकली. फोर्डने आपल्या ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन मागच्या आसनांसह बंदरात उतरवल्या, आणि उतरवल्यावर ती आसने काढून टाकली. २०२४ मध्ये हे प्रकरण साडेछत्तीस कोटी डॉलरला मिटले. हे प्रकार वाचताना गंमत वाटते. फोक्सवॅगनने जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत बसवलेली आज्ञावली, जी २०१५ च्या सप्टेंबरमध्ये उघड झाली, तीही याच बुद्धीची होती: साहेब वर्गात असेपर्यंत हाताची घडी घालून बसणाऱ्या विद्यार्थ्यासारखी गाडी चाचणीच्या वेळी शहाणी, आणि रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडच्या मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत घाण. प्रयोगशाळेच्या आकड्यांपेक्षा रस्त्यावर गाड्या वेगळ्या वागतात, ही तक्रार साधे चालक कित्येक वर्षे मायलेजच्या संदर्भात कुत्सितपणे करत आले होते. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी गाडीवर उपकरण चढवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर नेली, तेव्हा कुठे बिंग फुटले.

तेव्हा करायचे काय? माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे, गाडीमालकांच्या तक्रारी त्यांच्याच शब्दांत, काटछाट न करता जाहीर झाल्या पाहिजेत. अमेरिकेतले सुरक्षा प्रशासन हे बऱ्याच अंशी करते आणि तिथल्या तक्रारी वाचताना माणसे रागाने, घाबरून, कधी खवचटपणे लिहितात हे दिसते. ‘स्थिती’ आणि ‘बाब’ अशी भाषा तिथे सापडत नाही. बहुतेक देशांत एवढेही होत नाही. तक्रार कंपनीकडे जाते आणि कंपनीच्या भाषेत बाहेर पडते. दुसरी गोष्ट कंपनीच्या आतली. अभियंत्याने दोषाविषयी वापरलेला कडवट शब्द कंपनीविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात उभा राहील, ही भीती कंपनीच्या वकिलांना असते आणि ती खोटी नाही. पण म्हणून शब्द पुसले की दोष राहतात, आणि वकिलांनाच पुढे अधिक मोठा खटला लढावा लागतो. दोष वेळेवर कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळते, तेच संरक्षण त्याच्या भाषेलाही मिळाले पाहिजे.

आणि नियामकांनी स्वतःवरचे विनोदही ऐकावेत. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादेचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे, आणि चालकाने ती बंद केली तरी गाडी पुन्हा सुरू केल्यावर ती पुन्हा जागी व्हावी, असा नियम आहे. हेतू उत्तम आहे. पण रस्त्याकडेची पाटी चुकीची वाचून गाडी उगाच ओरडते, चालक वैतागतो, आणि कंपन्या ती यंत्रणा एका दाबात बंद होईल असे खास बटण देऊन त्याचीच जाहिरात करतात. बटणे महाग पडतात म्हणणाऱ्यांनी नेमके हेच बटण स्वखुशीने दिले आहे. हा विनोद कोणत्याही एका गाडीचा नाही, पण एका नियमावर मात्र तो चपखल बसतो, आणि त्या नियमाचा फेरविचार करणाऱ्यांनी किती चालक गाडीत बसताच पहिल्यांदा ते बटण दाबतात, याची मोजणी आधी करावी.